शाळेचं वर्ष संपलं : १ मेचा निकाल, घरातल्यांच्या कामाचं प्रदर्शन, चौथीचे दाखले आणि पाणपोई

सातरस्ता_आई | २६ एप्रिल २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आपल्या सोलापुरातल्या छोट्या शाळेचे पालक आणि माजी विद्यार्थी इथं बरेच आहेत म्हणून सगळ्या बातम्या एकाच ठिकाणी लिहितेय, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मेसेज वाहून जातात आणि मग तेच तेच परत विचारलं जातं. शाळेचं नाव मुद्दाम टाकत नाही. चर्चच्या आवारातली, पहिली ते चौथी, सेमी इंग्लिश, वर्गाला एकच तुकडी एवढं सांगितलं की ओळखणारे ओळखतील.

काल शेवटचा पेपर झाला. यंदा राज्यभर पहिली ते नववीला एकच वेळापत्रक होतं ना २५ एप्रिलपर्यंत, त्यामुळं सकाळची शाळा असून पण घरी येईपर्यंत पोरांची तोंडं लालबुंद व्हायची, पारा चाळीसच्या वर आणि दप्तरातली बाटली दहा वाजताच रिकामी. आता निकाल १ मेलाच लावायचाय. म्हणजे बाईंना पेपर तपासणं, नोंदी, प्रगतिपुस्तकं हे सगळं चार-पाच दिवसांत उरकायचंय. कृपया या आठवड्यात "किती मार्क पडले" म्हणून बाईंना फोन करू नका, हात जोडून सांगते.

सोमवारी, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी पोप फ्रान्सिस गेले. मंगळवारी पेपरच्या आधी परिपाठाला सिस्टरनी मुलांना थोडा वेळ शांत उभं केलं आणि त्यांच्याबद्दल सांगितलं, की ते अर्जेंटिनाचे, ब्युनोस आयर्सचे, आणि त्यांचे वडील रेल्वेत हिशेबाचं काम करायचे. रेल्वे म्हटल्यावर आपल्या शाळेत काय होतं माहितीये ना, निम्म्या पोरांचे पप्पा नाहीतर आजोबा रेल्वेत! एक पहिलीतला पोरगा घरी जाऊन सांगत होता म्हणे की पोपचे पप्पा आपल्या डीआरएम ऑफिसात, म्हणजे इथल्या रेल्वेच्या विभागीय कार्यालयात होते. आज दुपारी दीडला अंत्यविधी टीव्हीवर लागला तेव्हा काही मुलं सिस्टर लोकांसोबत बसून बघत होती.

आता मुख्य गोष्ट. १ मेला सकाळी साडेसातला झेंडावंदन, मग निकाल, आणि यावर्षी निकालाच्या आधी एक प्रदर्शन आहे. त्या दिवशी महाराष्ट्र दिन असतो, कामगार दिन असतो, आणि कॅथलिक चर्चमध्ये कामगार संत जोसेफ यांचा सण पण असतो. हा सण पोप बारावे पायस यांनी १९५५ साली मुद्दाम याच तारखेला ठेवला. जोसेफ सुतार होते, येशूला हाताचं काम त्यांनीच शिकवलं असं मानतात. तर सिस्टरांची कल्पना अशी की प्रत्येक मुलानं घरातलं माणूस जे काम करतं त्यातली एक वस्तू आणायची, बाकावर मांडायची, आणि येणाऱ्याला दोन-तीन वाक्यांत सांगायचं की हे काय आहे आणि याचं काय करतात. चार्ट नाही, थर्माकोल नाही, पालकांनी रात्री जागून प्रोजेक्ट करायचा नाही. वस्तू आणि मुलाचे शब्द, बास.

मला हे फार म्हणजे फारच आवडलंय. गॅदरिंगला नाचात पुढच्या रांगेत कोण यावरून दरवर्षी रुसवेफुगवे होतात, इथं प्रत्येकाला एक बाक आहे.

बाकी बातम्या थोडक्यात. चौथीचा निरोप समारंभ सोमवारी २८ तारखेला सकाळी आठला. जुनी पुस्तकं द्यायला ऑफिसबाहेर खोकं ठेवलंय. ३० ला अक्षय्य तृतीया आणि बसव जयंती आहे, शाळा बंद, उगीच चक्कर मारू नका. आणि पाणपोईसाठी माणसं हवीत, ते खाली सविस्तर लिहिते.

---

सातरस्ता_आई | २६ एप्रिल, रात्री ९.५८

पाणपोईचं. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात वर्गावर्गात डबे ठेवले होते, चॉकलेट-वेफर्सचे पैसे त्यात टाकायचे, कॅथलिक असो नसो सगळीच पोरं टाकायची. दरवर्षी ते पैसे वर पाठवतात, यावर्षी थोडे इथल्यासाठी ठेवायचे ठरलं आणि कशासाठी ते मुलांनाच विचारलं. चौथीतल्या मुलींनी सांगितलं, गेटबाहेर भाजीवाल्या मावशी उन्हात बसतात त्यांना पाणी. तर तीन माठ, तिवई, ओगराळं, वर कापड असं सगळं आलंय आणि कंपाऊंडच्या भिंतीला लिंबाच्या सावलीत मांडलंय.

प्रश्न सुट्टीचा. मुलं असताना चौथीची पोरं माठ भरायची. २ मेपासून शाळा बंद, शिपाईमामा गावाला जाणार. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं हे सोलापूरकरांना काय सांगायचं, त्यामुळं शाळेच्या टाकीवर सगळा भार टाकता येत नाही. जवळपास राहणाऱ्यांनी आठवडा वाटून घ्यावा. कोण कोण?

---

अशोकचौक_धोटा | २६ एप्रिल, रात्री १०.३१

मॅडम लई भारी कल्पना आहे. माझा पोरगा दुसरीला. आमचे चार माग, टॉवेलचे. मी म्हणालो धोटा ने, मागावर आडवा दोरा नेतो तो. त्याचा प्रश्न, धोट्याला दोन्हीकडून लोखंडी टोक असतंय, टोचलं कुणाला तर? सिस्टर चालू देतील का? आजकाल नव्या मागांना धोटाच नसतो त्यामुळं बाहेरच्या पोरांनी बघितलेला पण नसणार. माझ्याकडं वडिलांच्या वेळचे चादरीवर नक्षी उठवणाऱ्या जेकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे पण आहेत, माळ्यावर पडून होते, आता काढूलालो. पोराला विचारलं हे काय माहिताय का, तर नाही म्हणाला. घरात माग आहेत, दिवसरात्र खडखड ऐकतो, आणि पुठ्ठा माहीत नाही. तेव्हा मला वाटलं आपणच कधी सांगितलं नाही राव त्याला.

---

होटगीरोड_बाबा | २६ एप्रिल, रात्री १०.४४

धोट्याच्या टोकाला बूच बसवा, नाहीतर चिंधी बांधा. होऊन जाईल. पाणपोईचा पहिला आठवडा माझा, गाडीवरून कॅन टाकून आणतो.

---

लेकीसाठी_इथं | २७ एप्रिल, सकाळी ६.१५

मी इथं कधी लिहीत नाही, नुसतं वाचते. रात्री झोप आली नाही म्हणून लिहितेय. मी विड्या वळते. लेक तिसरीला आहे, हुशार आहे, बाईंची लाडकी आहे. नवरा रिक्षा चालवतो. तिला म्हणलं काय नेणार गं प्रदर्शनाला, तर म्हणाली पप्पांच्या रिक्षाचा बिल्ला नेते. मी म्हणलं माझं काय ने की, सूप आहे कात्री आहे. तर म्हणाली नको, तुझा वास येतो त्याला. तिनं वाईट म्हणून नाही म्हणलं, वास येतोच, पान भिजवून गोणपाटात ठेवलेलं असतं आणि तंबाखूचा खकाणा सगळ्या घरात बसतो. पण माझ्या विड्यांवर तिची फी जाते, तिच्या पप्पांच्या रिक्षावर हप्ता जातो.

मला एवढंच विचारायचंय की विडीचं सामान शाळेत आणलं तर चालेल का नाही. नसेल चालत तर मी लेकीला काहीच बोलत नाही, बिल्ला नेऊ दे तिला.

---

विजापूररोड_पालक | २७ एप्रिल, सकाळी ८.०२

ताई तुमच्या कष्टाबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या वडिलांना तोंडाचा कॅन्सर झाला होता, तंबाखूनं. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे, आपण पालकांनीच दोन वर्षांमागं गेटजवळची टपरी हटवायला सह्या गोळा केल्या होत्या. मग त्याच शाळेत बाकावर विडी मांडायची, आणि सात-आठ वर्षांच्या पोरांनी ती हातात घेऊन बघायची, हे मला पटत नाही. काम कुणाचं लहानमोठं आहे असा माझा मुद्दाच नाही. वस्तू कुठली आहे हा मुद्दा आहे.

---

अशोकचौक_धोटा | २७ एप्रिल, सकाळी ८.२०

साहेब तुमचं दुःख समजतं. पण आमच्या पूर्व भागात बघा, पुरुष मागावर आणि बाई विडीवर, अशी घरंच्या घरं उभी राहिली. माझी आई पन्नास वर्षं विड्या वळत होती. तिनं आयुष्यात एक पण विडी ओढली नाही. ती बाद झाली तर मग माझ्यासारख्या पोरांनी आईचं काय न्यायचं?

---

विजापूररोड_पालक | २७ एप्रिल, सकाळी ८.३७

आईला बाद कोण करतंय? मी फक्त तंबाखू शाळेत नको म्हणतोय. त्यावर मी ठाम आहे आणि राहीन.

---

निवृत्त_बाई | २७ एप्रिल, सकाळी ११.१०

मी याच शाळेत बरीच वर्षं तिसरी-चौथीला शिकवलं, काहींनी ओळखलं असेल. दोघांचंही बरोबर आहे असं म्हणून मी मोकळी होणार नाही, कारण निर्णय करावा लागेल, आणि आज मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेनंतर, सिस्टरांशी बोलून आले म्हणून लिहिते.

तंबाखू येणार नाही. भरलेली विडी येणार नाही. पण तेंदूचं पान, पान कापायचा पत्र्याचा साचा, कात्री, दोरा आणि सूप हे सगळं येऊ शकतं. सिस्टर म्हणाल्या की मुलीला कोऱ्या पानावर साचा ठेवून कापून दाखवता आलं तर फार छान. सुपात पानं ठेवावीत, तंबाखू नाही. आणि विजापूर रोडच्या दादांनी मनात आणलं तर चौथीच्या मुलांना त्यांनी तंबाखूबद्दल दहा मिनिटं सांगावं, वडिलांचं सांगावं, दुसऱ्या एखाद्या दिवशी, त्या बाकाशेजारी नाही. त्या दिवशी त्या मुलीच्या आईच्या हातांबद्दल बोलायचंय.

तिसरीच्या परिसर अभ्यासाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं असतं, आपलं सोलापूर जिल्ह्याचं. त्यात पिकं, नद्या, उद्योग असं सगळं येतं आणि मुलं ते "सोलापूर चादरीसाठी प्रसिद्ध आहे" असं एका वाक्यात पाठ करून मोकळी होतात. वर्गात वीस मुलं असली तर त्यातल्या आठ-दहांच्या घरात ते वाक्य रोज घडत असतं. मी शिकवत असताना हे माझ्या मनात असायचं पण पोर्शन, नोंदी, पोषण आहाराचे हिशेब यात वेळच सापडायचा नाही. यावर्षी होतंय याचा मला मनापासून आनंद आहे.

अजून एक. "आईबाबांची वस्तू" असा शब्द वापरू नका, "घरातल्यांची" म्हणा. आजीकडं राहणारी मुलं आहेत, होस्टेलची दोन आहेत.

---

सातरस्ता_आई | २७ एप्रिल, सकाळी ११.२५

बाई खूप आभार. वरचं शीर्षक बदललं. लेकीसाठी_इथं ताई, तुम्ही याच. मी दाराशी असेन.

---

विजापूररोड_पालक | २७ एप्रिल, दुपारी १२.०५

हे मान्य. बाई, जूनमध्ये शाळा सुरू झाली की मी येतो मुलांशी बोलायला.

---

पुण्यातला_सोलापुरी | २७ एप्रिल, दुपारी ३.१५

वाचून गहिवरलो यार. मी पहिली ते चौथी तिथंच, १९९४ चा चौथीचा वर्ग. आमच्या वेळी लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडत आली होती, वर्गातल्या कितीतरी पोरांचे वडील तेव्हा घरी बसले, आणि "वडील काय करतात" हा फॉर्मवरचा रकाना भरताना पोरं हातानं झाकायची. हे प्रदर्शन तेव्हा असतं तर माझ्या मित्रानं वडिलांचा मिलचा पास आणला असता की नसता, माहीत नाही, पण कुणीतरी विचारलं तर असतं.

मला एक सांगा, पट किती राहिलाय? मागच्या गणपतीत आलो तेव्हा ऐकलं की पहिलीला मुलंच कमी येतायत. पैसे पाठवू का? आमची बॅच मिळून काहीतरी करेल, बेंच, प्रोजेक्टर, काय हवं ते सांगा.

---

निवृत्त_बाई | २७ एप्रिल, संध्याकाळी ५.४०

बाळा, प्रोजेक्टर आहे. मुलं हवीत. अनुदानित शाळेत शिक्षकाचं पद पटावर ठरतं. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर होतात त्यात, पद कमी होतं, बाई अतिरिक्त ठरतात आणि दुसऱ्या शाळेत पाठवल्या जातात, मग एका बाईंकडं दोन वर्ग येतात, मग पालक म्हणतात तिथं बाईच नाहीत, आणि पट अजून घसरतो. छोट्या शाळा अशाच बंद पडतात, पैशाअभावी कमी. तुझे मित्र अजून सोलापुरात असतील, ज्यांची पोरं पहिलीच्या वयाची आहेत, त्यांना एकदा शाळा बघायला पाठव. १ मेला पाठव.

---

जुळेसोलापूर_नवीन | २७ एप्रिल, संध्याकाळी ७.१२

मध्येच विचारतो, माफ करा. मुलगा डिसेंबरमध्ये सहा पूर्ण करतोय. पहिलीला घेतील का? आणि आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या मोफत पंचवीस टक्के जागांत होईल का?

---

सातरस्ता_आई | २७ एप्रिल, संध्याकाळी ७.३०

महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर पहिलीला चालतं. आरटीईचे पंचवीस टक्के आपल्याकडं नाहीत, अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही असा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल आहे. पण फी इतकी कमी आहे की तुम्हाला त्याची गरज पडणार नाही, आणि अडचण असेल तर सिस्टरांशी मोकळेपणानं बोला, त्या ऐकून घेतात. अजून एक नेहमीचा प्रश्न, कॅथलिक नसलो तर? वर्गात कॅथलिक मुलं चार-पाचच असतात. त्यांचा धर्मशिक्षणाचा तास असतो तेव्हा बाकीच्यांचं मूल्यशिक्षण असतं. माझी मुलगी संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज बघायला जाते आणि डिसेंबरात नाताळच्या गोठ्यात मेंढरू होते, तिला त्यात काही वेगळं वाटत नाही.

---

रेल्वेलाईन्स_आंटी | २८ एप्रिल, सकाळी ७.०५

सर्वांना आशीर्वाद. चर्चच्या बाजूनं दोन गोष्टी सांगते. येत्या रविवारी ४ मेला सकाळच्या मिस्सामध्ये सात मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद आहे, त्यातली पाच आपल्या शाळेची. वर्गमित्रांना बोलावलंय, कुठल्याही धर्माचे असू द्या, मागच्या बाकांवर बसा, नंतर हॉलमध्ये केक आणि समोसा. प्रसाद घ्यायच्या रांगेत फक्त कॅथलिकांनी यायचं असतं, हे मुलांना आधी सांगून ठेवा म्हणजे तिथं कुणाला अवघडल्यासारखं होणार नाही.

दुसरं, मुलं विचारतायत म्हणून. कार्लो अक्युटिस या मुलाला काल २७ ला रोममध्ये संतपद जाहीर होणार होतं. इटलीचा मुलगा, २००६ साली पंधराव्या वर्षी ल्युकेमियानं गेला, कॉम्प्युटरवर वेबसाइट बनवायचा. सिस्टरनी वर्गात त्याचं चित्र लावलं होतं, पोरांना त्याचं फार कौतुक, कारण तो जीन्स आणि स्पोर्ट्स शूजमध्ये आहे. पोप गेल्यामुळं तो समारंभ पुढं ढकललाय. रद्द नाही झाला, मुलांना सांगा.

आणि त्या विडीवाल्या मुलीच्या आईला सांगते, माझे मिस्टर लोको शेडमध्ये फिटर होते. चाळीस वर्षं मी ऑइलचे कपडे धुतले. तू ये पोरी.

---

होटगीरोड_बाबा | २८ एप्रिल, दुपारी १.२०

आज निरोप समारंभाला होतो, मोठा मुलगा चौथीत. पोरांनी भाषणं केली, अर्धी रडली, बाई पण रडल्या. गिफ्ट म्हणून प्रत्येकाला कंपासपेटी. आमच्या पोरानं सगळ्यांना सांगितलं की पाचवीला गेलो तरी माठ भरायला येणार.

चौथीच्या पालकांना कळकळीनं सांगतो, दाखला हातात घेतल्या घेतल्या तिथंच उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, जन्मगाव, जात. आधारवरच्या नावाशी आत्ताच जुळवा. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती होते, एकदा दाखला घेऊन बाहेर पडलं की फार अवघड जातं, माझ्या भावाची एका अक्षरापायी किती वर्षं फरफट झाली ते मी बघितलंय. आणि पाचवीपासून वार्षिक परीक्षेचं महत्त्व बदललंय हे लक्षात ठेवा, पाचवी आणि आठवीला आता नापास झालं तर पुन्हा परीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. २०२३ च्या शेवटी नियम झालाय.

---

बाळीवेस_ताई | २८ एप्रिल, रात्री ८.४५

पुस्तकांच्या खोक्याबद्दल. मधल्या दोन वर्षांत बालभारतीनं पुस्तकातच कोरी पानं घातली होती, त्यावर पोरांनी लिहिलंय, ती पुस्तकं द्यायची का? आणि पहिलीचा अभ्यासक्रम जूनपासून नवीन येतोय म्हणतात, मग पहिलीची जुनी कशाला घ्यायची?

---

निवृत्त_बाई | २८ एप्रिल, रात्री ९.१५

पहिलीची देऊ नका. दुसरी ते चौथीची द्या. लिहिलेल्या पानांचं काही नाही, धड्याची पानं फाटलेली नसली म्हणजे झालं. चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक मात्र कुणी देत नाही असा माझा अनुभव आहे, पोरं ते जपून ठेवतात. ठेवू द्या.

---

सातरस्ता_आई | १ मे, संध्याकाळी ६.३०

आताच सगळं आवरून बसले. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी जमेल तेवढं लिहिते, फोटो घेऊ नका असं सिस्टरांनी सांगितलं होतं, मुलं कॅमेऱ्याकडं बघत बसतात म्हणून.

साडेसातला झेंडा, राष्ट्रगीत, राज्यगीत. फादरनी लहानशी प्रार्थना घेतली, सुतारकाम करणाऱ्या जोसेफची, आणि संपताना त्यांनी शाळेच्या शिपाईमामांना पुढं बोलावून त्यांच्या हातात पहिलं फूल दिलं. मग सगळे व्हरांड्यात. बाकं दोन्ही बाजूंनी लावलेली.

धोटा आला होता, टोकांना बूच लावून. पण गर्दी झाली ती जेकार्डच्या पुठ्ठ्यांपाशी. दुसरीतला तो पोरगा पुठ्ठा उजेडासमोर धरून सांगत होता, "भोक आहे तिथं दोरा वर, भोक नाही तिथं दोरा खाली, असं करत करत मोर येतो." एवढ्या सोप्या शब्दांत मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझं माहेर टिळक चौकात चादरींच्या दुकानांच्या रांगेतलं. त्याचे वडील मागं भिंतीला टेकून उभे होते आणि पोरगा प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सांगत होता.

रेल्वेची हिरवी-लाल झेंडी. एसटीच्या कंडक्टर आजोबांचा तिकिटं टोचायचा जुना पंच, तो तर सगळ्यांनी कागदावर टोचून बघितला. युनिफॉर्म शिवणाऱ्या आईची टेप आणि खडू, ती मुलगी म्हणाली "तुम्ही घातलाय ना तो शर्ट माझ्या आईनं शिवलाय", आणि खरंच तो तिथलाच! खुरपं. बीपीचं मशीन. कडक भाकरीवाल्यांची काठवट. आजीकडं राहणाऱ्या मुलानं खलबत्ता आणला होता, आजी शेंगा चटणी करून विकते, त्यानं तिथंच चार शेंगदाणे, तिखट, लसूण घालून कुटून दाखवलं आणि सगळ्यांना बोटाला लावून दिलं, ठसका लागून एक फादर बाहेर गेले. होस्टेलच्या दोघांनी तिथल्या स्वयंपाकाच्या मावशींचा उलथना आणला होता, मावशी स्वतः पण आल्या होत्या, नवीन साडी नेसून.

आणि तिसरीतली ती मुलगी. बाकावर दोन वस्तू होत्या, रिक्षाचा बिल्ला आणि सूप. सुपात भिजवलेली पानं, कात्री, साचा, दोरा. सुरुवातीला ती फक्त बिल्ल्याबद्दल बोलत होती. मग रेल्वे लाईन्सच्या आंटी आल्या, खुर्ची ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, हे कसं कापतात गं, मला येत नाही. मुलीनं पान कापून दाखवलं. वेडंवाकडं आलं. तेव्हा तिची आई मागून पुढं झाली, खाली बसली, आणि कात्री हातात घेतली. मी हात बघत होते. पान फिरतंय का कात्री फिरतेय तेच कळत नव्हतं, साचा उचलायच्या आत दुसरं पान खाली. सगळी पोरं गोल करून बसली. कुणीतरी विचारलं एका दिवसात किती, तर लेकीनंच सांगितलं, "हजार. मोजून घेतात. खराब निघाली की बाजूला काढतात, त्याचे पैसे नाहीत." आईला वाटलं नव्हतं लेकीला हे माहीत असेल. आईचा चेहरा मी बघितला, त्यावर जास्त लिहीत नाही.

विजापूर रोडचे दादा पण तिथं उभे होते, बराच वेळ. त्यांनी ताईंना विचारलं की हाताला, छातीला काही त्रास होतो का, खकाण्यामुळं. डॉक्टरांची ओळख आहे म्हणाले.

निकाल नंतर वाटले. आज पहिल्यांदाच असं झालं की मार्क बघून लगेच कुणी निघालं नाही.

पहिलीला आज सहा नवे अर्ज गेले. जुळे सोलापूरचे ते नवीन पालक पण येऊन गेले.

---

जुळेसोलापूर_नवीन | १ मे, रात्री ८.००

हो, फॉर्म भरला. मुलगा परत यायचं म्हणतोय, चटणीसाठी.

---

लेकीसाठी_इथं | १ मे, रात्री १०.२०

सगळ्यांचे आभार. घरी येताना सूप तिनं धरलं होतं. मला द्यायला तयार नव्हती.

विजापूर रोडच्या दादांना, मी सोमवारी डॉक्टरांकडं जाते. खोकला आहे मला, कुणाला सांगितलं नव्हतं.

---

विजापूररोड_पालक | १ मे, रात्री १०.४१

ताई नक्की जा. वेळ मी घेऊन ठेवतो, मेसेज करतो.

---

पुण्यातला_सोलापुरी | २ मे, सकाळी ९.१०

आमच्या बॅचच्या ग्रुपवर सातरस्ता ताईंचं लिखाण वाचून दाखवलं. तिघं सोलापुरात आहेत, दोघांची पोरं पुढच्या वर्षी पहिलीला. शाळा बघायला पाठवतोय. आणि पुढच्या १ मेला मी येणार, वडिलांचा मिलचा पास अजून आहे आईकडं.

---

होटगीरोड_बाबा | ९ मे, सकाळी ७.५०

धागा वर काढतोय. काल रात्री नवे पोप निवडले गेले, लिओ चौदावे, मुलांना सांगा, अमेरिकेत जन्मलेले पहिलेच पोप आहेत. चर्चची घंटा वाजली तेव्हा मी माठांना कापड गुंडाळत होतो.

आता कामाचं. माझा आठवडा संपला. मधला माठ पाझरत होता, बदललाय, तिवईखाली वीट सरकवली आहे ती काढू नका. भाजीवाल्या मावशींशी बोललोय, दुपारी दोनच्या आत भरलं तर संध्याकाळपर्यंत पुरतं. शाळा १६ जूनला सुरू होतेय, तोपर्यंतचे आठवडे वाटायचेत. पुढचा कुणाचा?

---

अशोकचौक_धोटा | ९ मे, सकाळी ८.०५

पुढचा माझा. पोराला घेऊन येतो, चौथीचा पोरगा पण येतो म्हणालाय ना, दोघं मिळून भरतील. आमच्याकडं काल पाणी आलंय, टाक्या फुल आहेत.

---

रेल्वेलाईन्स_आंटी | ९ मे, सकाळी ८.३०

त्याच्या पुढचा माझ्या नातवाचा. ओगराळ्याची दांडी सैल झालीये, ती मी आज रिव्हेट मारून आणते.